स्वयंपाकघरात राहिलेले आभार

या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. एकाचं घेतलं की दुसऱ्याचं राहतं, आणि राहिलेलं नाव किती जड असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्या रोमन गृहस्थामुळे हे सगळं घडलं त्याचंही नाव घेत नाही. तो जाऊन दोन हजार वर्षं झाली असली तरी नियम म्हणजे नियम. आमच्या घरात त्याला 'वकीलसाहेब' म्हणायचे, तेच इथे चालवून घ्या.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगतो. थोडक्यात हा शब्द वाचून बायको हसेल, हसू दे. मी मूळचा सांगलीकडचा. शारजाच्या औद्योगिक भागात माझं ॲल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचं वर्कशॉप आहे आणि घर दुबईत, ऊद मेथाला. पोट खिडक्यांवर चालतं. पण कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मनात पहिलं उत्तर वेगळंच येतं. आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात गेली वीस वर्षं आभारप्रदर्शन मी करतो.

आभारप्रदर्शन ही काय चीज आहे ते ज्याने केलं नाही त्याला कळायचं नाही. गाणी झाली, नाटुकली झाली, बक्षिसं वाटून झाली, 'दोन शब्द' म्हणून अध्यक्षांची वीस मिनिटं झाली, की माइक आभार मानणाऱ्याच्या हातात येतो. तोवर निम्मे लोक खुर्चीखाली पर्स शोधत असतात आणि उरलेले जेवणाच्या टेबलाकडे तोंड करून तिरके बसलेले असतात. त्या लोकांना दहा मिनिटं खुर्चीवर धरून ठेवायचं आणि त्यात कुणाचंही नाव विसरायचं नाही, हे काही खायचं काम नाही. एका वर्षी रांगोळी काढणाऱ्या बाईंचं नाव माझ्याकडून राहिलं. त्या तीन वर्षं मंडळात आल्या नाहीत. चौथ्या वर्षी आल्या, पण रांगोळी काही काढली नाही.

तेव्हापासून मी कागदावर यादी लिहून नेऊ लागलो. यादी वाचून झाली की हॉलची गोष्ट सांगायचो. झालं होतं असं, की बारा-तेरा वर्षांपूर्वी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आमचा हॉल रद्द झाला आणि मी सहा तासांत दुसरा मिळवला. ही गोष्ट मी दर वर्षी सांगतो. हळूहळू सहा तासांचे चार तास झाले, एवढाच काय तो फरक.

मुलगी बारावीला आहे, शाळेच्या डिबेट टीममध्ये. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. भांडतेसुद्धा इंग्रजीत, त्यामुळे तिच्या आईचा अर्धा राग भाषांतरातच संपतो. एकदा जेवताना मी हॉलची गोष्ट सांगत होतो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यू आर एक्झॅक्टली लाइक धिस रोमन गाय." त्यांच्या टीचरने त्यांना रोमच्या एका मोठ्या वक्त्याबद्दल शिकवलं होतं. राजकारणी, वकील, लेखक, आणि बोलायला उभा राहिला की समोरचा गार. मी म्हटलं, पोरीची पारख चांगली आहे. दुसऱ्याच दिवशी मी मोबाइलवर त्याच्या आयुष्यावरची ऐकायची मालिका घेतली.

"महिन्याला वीस दिरहम," बायको म्हणाली, "म्हणजे साडेचारशे रुपये झाले. आणि कशासाठी, तर मेलेल्या माणसाची भाषणं ऐकायला. घरात जिवंत माणूस फुकट ऐकवतोय ते काय कमी आहे?"

माझी उम्म अल कुवैनला एक साइट चालू होती, समुद्राकाठच्या एका घराच्या खिडक्यांची. तिथे जाताना आणि येताना, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये, मी वकीलसाहेबांना ऐकायला लागलो आणि ऐकता ऐकता त्यांच्या प्रेमातच पडलो.

हा माणूस रोमचा नव्हेच. एका लहानशा गावातून आलेला. घराण्यात कुणी मोठ्या पदावर नव्हतं. त्याच्या कुळाचं नाव चक्क हरभऱ्यावरून पडलेलं. लोकांनी सांगितलं, राजकारणात जायचं तर नाव बदल. तो म्हणाला, नाव हेच ठेवणार आणि खानदानी नावांपेक्षा मोठं करून दाखवणार. तरुणपणी आवाज बारीक, तब्येत तोळामासा. बोलायला उभा राहिला की हातपाय कापायचे. मग परदेशात जाऊन गुरूंकडून आवाज कमावून आला. शेवटी देशाच्या सगळ्यात मोठ्या पदावर चढला, सरकार उलथवायचा कट उधळला, आणि त्यानंतर मरेपर्यंत तो कट कसा उधळला हेच सांगत बसला. इथे मला मुलीच्या बोलण्याचा खरा अर्थ कळला. तिला पारख होतीच, पण ती माझ्या वक्तृत्वाची नव्हती.

तरी मला राग आला नाही, कारण एका गोष्टीने मला त्याच्याशी कायमचं बांधून टाकलं. तरुणपणी त्याची सिसिली बेटावर सरकारी नेमणूक झाली होती. तिथून त्याने रोमला धान्य पाठवलं, चोख काम केलं, आणि परत येताना त्याला वाटत होतं की रोममध्ये माझ्याशिवाय दुसरा विषय नसणार. जहाजातून उतरला, तर किनाऱ्यावर ओळखीच्या एका माणसाने विचारलं, "रोमहून कधी निघालास? काय नवीन तिकडे?" तो म्हणाला, अरे, मी माझ्या नेमणुकीवरून परत येतोय. "हां हां, आफ्रिकेहून." आफ्रिका नाही, सिसिली. तेवढ्यात शेजारचा शहाणा मध्ये पडला आणि त्याने बेटाची भलतीच बाजू सांगितली.

मी गाडी चालवत एकटाच मोठमोठ्याने हसलो. कारण दुबईला आल्यावर तीन वर्षांनी पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा चौकातल्या पानवाल्याने मला विचारलं होतं, "काय, पुण्याहून कधी आलास?" मी म्हटलं, पुणे नाही, दुबई. "हां हां, सौदी." आणि बाकड्यावर बसलेल्या गृहस्थांनी त्याला दुरुस्त केलं, "सौदी नाही रे, हा मस्कतला असतो." मी अंगावर नवा कोट घालून उभा होतो आणि तो मे महिना होता.

पुढच्या भागात वकीलसाहेबांच्या जमान्यातली पाठांतराची युक्ती आली आणि माझा घात झाला. ते वक्ते कागद वापरत नसत म्हणे. डोळ्यांसमोर आपलं घर आणायचं आणि भाषणातला एकेक मुद्दा एकेका खोलीत ठेवायचा. ठेवताना काहीतरी विचित्र करायचं, म्हणजे विसरायला होत नाही. मग भाषणाच्या वेळी मनातल्या मनात दारातून आत शिरायचं आणि खोल्यांतून चालत एकेक मुद्दा उचलायचा. मी ठरवलं, यंदाचे आभार बिनकागदाचे.

आठ दिवस मी घरभर माणसं मांडत होतो. अध्यक्ष दारातल्या चपलांच्या कपाटावर उकिडवे. साउंड सिस्टिमवाला वॉशिंग मशीनमध्ये गरगर फिरतोय. खजिनदार बेडरूमच्या कपाटात, बाहेरून कुलूप. मुलांचे नाच बसवणाऱ्या बाई बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर एका पायावर. सजावट बायकोने केली होती म्हणून तिला हॉलमधल्या सोफ्यावर बसवलं.

"अध्यक्षांना चपलांत ठेवलंत?" तिने विचारलं.

"लक्षात राहायला पाहिजे ना."

"आणि स्वयंपाकघरात कोण?"

"मामा. सगळ्यात शेवटी. शेवट गोड."

आता मामांबद्दल सांगायला हवं. मामा माझ्या वर्कशॉपमधले सगळ्यात जुने फिटर, सिंधुदुर्गातले, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. त्यांनी बसवलेल्या खिडकीतून धुळीचं वादळसुद्धा आत येत नाही. पण त्यांची कीर्ती वेगळीच आहे. बावीस वर्षं ते वर्कशॉपच्या मेसमध्ये रविवारचा स्वयंपाक करतात, आणि स्नेहसंमेलनाचं अडीचशे माणसांचं जेवणही त्यांच्याच हातचं. मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलबी. चव घेऊन बघत नाहीत, नैवेद्याआधी कसं चाखायचं म्हणून. झाकण तिरकं करून वास घेतात आणि म्हणतात, मीठ बरोबर आहे. आणि ते बरोबरच असतं.

त्या जानेवारीत मामा कायमचे गावी चालले होते. संमेलन रविवारी, विमान गुरुवारी. म्हणून मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "मामा, यंदा तुमचं नाव शेवटी घेणार. तीन मिनिटं फक्त तुमच्यावर."

मामा म्हणाले, "आमचा कशाक, साहेब." पण कान लाल झाले होते. वीस वर्षं त्यांचं नाव मी दर वर्षी घेतलं होतं, पण 'भोजन व्यवस्था' या सदरात, साउंड आणि पार्किंगच्या मध्ये.

रविवारी ऊद मेथाचा हॉल भरलेला होता. मी कागद न घेता माइकपुढे गेलो, डोळे मिटले आणि मनातल्या घराचं दार उघडलं. अध्यक्ष चपलांवर होते. साउंडवाला फिरत होता. एकेक नाव असं टपाटप हातात येत होतं की लोक पर्स शोधायचे थांबले. अध्यक्ष त्यांच्या बायकोच्या कानात म्हणाले, "कागद नाही वाटतं?" आणि ते मला ऐकू आलं. तिथेच माझं चुकलं. कौतुक कानावर पडल्यावर मी पुढच्या खोलीत जायच्याऐवजी मनातल्या सोफ्यावरच बसलो आणि हॉलची गोष्ट सुरू केली. चार तासांचे त्या दिवशी तीन तास झाले. रद्द झालेल्या हॉलच्या मॅनेजरचं सोंग मी पहिल्यांदाच काढलं आणि ते चांगलं जमलं, त्यामुळे पुन्हा काढलं.

तेवढ्यात एक वाजला. मीच मामांना सांगितलं होतं की बरोबर एकला झाकण उघडा. मामा शब्दाचे पक्के. झाकण उघडलं आणि मसालेभाताचा वास हॉलभर पसरला. पहिली रांग उठली. दुसरी उठली. मी घाईघाईने म्हणालो, "सर्वांचे पुन्हा एकदा आभार मानून कार्यक्रम संपल्याचं जाहीर करतो," आणि स्वतःच ताट घेऊन रांगेत उभा राहिलो. बारा वर्षं हॉल कसा मिळवला ते सांगत होतो, आणि हॉलमध्येच मला भाताने हरवलं.

मामांनी मला भात वाढला. एका हातात डाव होता आणि शर्टाच्या खिशात फोन उभा, कॅमेरा बाहेर. मी म्हटलं, "मामा, एक नंबर." ते म्हणाले, "घ्या साहेब, गरम आसा." मी पुढे सरकलो आणि जिलबी घेतली.

दुपारी चारला घरी आलो. दार उघडलं, चपला काढल्या, कपाटावर अध्यक्ष बसलेले होते. मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. मशीनजवळून जाताना साउंडवाला दिसला. आजचा दिवस आपला, असं म्हणत मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरलो, आणि गॅससमोर मामा उभे. डाव हातात, झाकण तिरकं, वास घेतायत. वकीलसाहेबांची युक्ती शंभर टक्के चालली होती. फक्त तीन तास उशिरा.

मी ग्लास तसाच ठेवला. मागून बायको आली आणि माझं तोंड बघून म्हणाली, "आता आठवलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, जेवणाच्या आधी पुन्हा माइक घ्याल. तुम्ही तर जिलबीच्या रांगेत." मग ती खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "त्यांच्या खिशातला फोन पाहिलात? गावी लावला होता. इथे चालतं ना ते कॉलिंगचं ॲप, त्यावर. मामांच्या बायकोने, वहिनींनी, शेजारच्या आठ-दहा बायका पडवीत बोलावल्या होत्या, नवऱ्याचं नाव पुकारतील म्हणून. त्यांना गावात सगळ्या विचारतात म्हणे, बावीस वर्षं तुझा नवरा तिथे करतो तरी काय? आज त्या दाखवणार होत्या."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी मठ्ठा घ्यायला गेले तेव्हा वाढणाऱ्या पोराने. आणि पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. मामा फोनवर सांगत होते, तुझा नेट गेला, तेव्हाच माझा नाव पुकारला."

मला लाज वाटली. मोठ्या चुकीची लाज फार वेळ टिकत नाही, माणूस तिला कारणं शोधतो. ही चूक लहान होती आणि तिला कारण नव्हतं. मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "रवला तर रवला साहेब. भांडी घासतंय, मागीर बोलू." पुढे काही बोलूच दिलं नाही.

मंडळाच्या ग्रुपवर मी मोठा मेसेज टाकला, मामांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू या म्हणून. सात जणांनी हात जोडले, एकाने फुलं टाकली, आणि अध्यक्षांनी लिहिलं, पुढच्या कार्यक्रमात नक्की, इन्शाल्ला. पुढचा कार्यक्रम गुढीपाडव्याला होता.

सोमवारी सकाळी मुलीला शाळेत सोडताना मी गप्प होतो. हे माझ्या बाबतीत इतकं विरळ की तिने कानातले इअरफोन काढले. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यू नेव्हर फिनिश्ड द सिरीज, राइट?" खरंच नव्हती संपवली. कट उधळल्यानंतरचे भाग मी सोडून दिले होते. पुढे पुढे पडझड सुरू होते आणि ती ऐकवत नव्हती. तिने एक भाग शोधून माझ्या फोनवर लावून दिला आणि उतरून गेली.

तो भाग वकीलसाहेबांच्या कारकुनाचा होता. त्यांच्याच घरातला गुलाम, पुढे त्यांनी त्याला मोकळं केलं. साहेब बोलायचे ते याने भराभर टिपून घ्यायचं. त्यासाठी त्याने स्वतःच्या खुणा तयार केल्या होत्या. एका प्रवासात हा कारकून आजारी पडला आणि त्याला वाटेत मागे ठेवावं लागलं. तर सगळ्या रोमला बोलून गार करणारा हा माणूस त्याला पत्रामागून पत्र लिहीत होता. माझ्या कामाची काळजी करू नकोस, घाई करू नकोस, बरा हो आणि मगच जहाजात चढ. पुढे साहेबांना शत्रूंनी मारलं, मुंडकं आणि हात सभेच्या मंचावर लावले. एका शत्रूच्या बायकोने म्हणे त्यांच्या जिभेत केसातला आकडा खुपसला. मी हे नंतर घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, बोलून बोलून जीव खाल्ला असेल तिचा. पण तो कारकून जगला. साहेबांचे कागद त्याने सांभाळून, जुळवून ठेवले. आज आपण त्यांची पत्रं वाचतो ती बरीचशी त्याच्या कृपेने.

मी वर्कशॉपच्या दारात पाच मिनिटं गाडीतच बसून राहिलो. वकीलसाहेब माझ्यासारखेच बढाईखोर होते, हे बरोबर. पण ते आपल्या माणसाला पत्रं लिहीत होते. मी मामांना बावीस वर्षांत काय लिहिलं होतं, तर साइटचा पत्ता आणि खिडकीची मापं.

बुधवारी मुलीला शाळेला दांडी मारायला लावून मी तिला आणि बायकोला घेऊन मेसमध्ये गेलो. दुपारची जेवणाची सुट्टी होती. मामांचा शेवटचा दिवस म्हणून त्यांनीच भात केला होता, ही आमच्याकडची रीत बघा. वीसेक माणसं लांब टेबलांवर बसली होती, यूपीची, केरळची, आपल्याकडची. मी मामांना म्हटलं, "गावी फोन लावा."

"आता? साहेब, ती भांडी घाशीत असतली."

"लावा."

त्यांनी लावला. फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला आणि खाली वाकून विचारलं, "दिसता काय गो तुका?"

"भिंत दिसता," पलीकडून आवाज आला. "फोन फिरव."

मुलीने फोन हातात घेतला आणि नीट धरला. पडद्यावर पडवी दिसत होती. या वेळी शेजारणी नव्हत्या. वहिनी एकट्याच होत्या, पदराला हात पुसत.

मी उभा राहिलो. मनात घर आणलं नाही, खोल्या आणल्या नाहीत. हातपाय मात्र कापत होते. वीस वर्षांत कधी कापले नव्हते. मी हिंदीत सुरुवात केली, कारण माणसं सगळीकडची होती, आणि दुसऱ्याच वाक्याला मराठीत घसरलो.

मी म्हणालो, "उम्म अल कुवैनला समुद्राकाठी एक घर आहे. त्याला चौदा खिडक्या आहेत. त्या मामांनी बसवल्यात. तिथली बाई मला म्हणाली, वारा सुटला तरी माझं बाळ उठत नाही. वहिनी, बावीस वर्षं मामा इथे काय करतात असं कुणी विचारलं तर हे सांगा. अशी किती घरं आहेत ते मला सांगता येणार नाही, मोजली नाहीत. आणि दर वर्षी अडीचशे माणसं यांच्या हातचं जेवतात. मला वीस वर्षं वाटत होतं की लोक शेवटपर्यंत माझ्या भाषणासाठी थांबतात. ते भातासाठी थांबत होते. मामा, तुमच्यामुळे मला ऐकणारी माणसं मिळाली. तुमचे आभार."

पुढे आणखी काहीतरी होतं, पण ते तसंच ठेवून मी खाली बसलो. मुलगी नंतर म्हणाली की मी दोन मिनिटंसुद्धा बोललो नाही. "बाबा, दॅट वॉज युअर बेस्ट," असंही म्हणाली. केरळचा वेल्डर टाळ्या वाजवायला लागला. त्याला मराठीतलं एक अक्षर कळलं नसेल, पण त्याने सुरुवात केल्यावर सगळ्यांनी वाजवल्या. मामा मात्र उलट्या हाताने डोळे पुसत झाकण तिरकं करून वास घेत होते.

टाळ्या थांबल्यावर फोनमधून वहिनी म्हणाल्या, "रविवारी मानलेले ना आभार? नेट गेलेला तेव्हा?"

मेसमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा फोनच्या मागून मान हलवून मला नको नको म्हणत होते. मी म्हणालो, "वहिनी, नेट गेलं नव्हतं. मी विसरलो होतो. मामांनी माझी लाज राखली."

त्यांनी फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाल्या, "माका ठावक होता. नेट खय गेलेला? सगळा आयकाक येय होता. कार्यक्रम संपलो म्हणान पण आयकलंय." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तू सांगलंस, म्हणान मी पण शेजारणींक तसाच सांगलंय. त्यांनीय मान हलयली."

मामांनी झाकण खाली ठेवलं. बावीस वर्षांत मी त्यांना कुणाकडे असं टक लावून बघताना पाहिलं नव्हतं. ते फोनजवळ येऊन उभे राहिले. मुलीने फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि स्वतः दुसरीकडे बघत राहिली.

मग वहिनींचा आवाज पुन्हा आला. "बरा बोललात तुमी. पण तुमी कोण?"

सिसिलीहून परतलेला माझा मित्र किनाऱ्यावर कसा उभा राहिला असेल ते मला त्या क्षणी कळलं. बावीस वर्षं ज्यांच्या नवऱ्याचा मी साहेब होतो, त्यांना मी कोण हे ठाऊक नव्हतं.

मामाच म्हणाले, "अगो, हे आमचे साहेब. मंडळात आभार मानतत."

"म्हणजे ती हॉलाची गोष्ट सांगी होते, ते काय हे?"

"होय वहिनी," मी म्हणालो, "तोच मी." आणि डाव उचलून पहिला भात मामांच्या ताटात वाढला.